लाल पोट, पिवळं पोट

केळीच्या मळ्यातल्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दर गुरुवारी इथे एक बाबा बसत आणि पोटातलं बाळ मुलगा की मुलगी ते सांगत. पुरुष बाहेर मोटारसायकलींवर बसून तंबाखू मळत होते, आत सगळ्या बायका. मधोमध सतरंजीवर रूपाली आडवी पडली होती. बाबांच्या सेविकेनं तिच्या पोटावर ओली हळद लिंपली. बाबा पुटपुटले, तांब्यातलं पाणी शिंपडलं, आणि पिवळं पोट बघता बघता लालभडक झालं.

"लाल व्हई गयं, माय," माझ्या बाजूची बाई म्हणाली. "म्हणजे पोर शे, पोऱ्या नही."

छबूबाईंनी तोंडाला पदर लावला. छबूबाई माझ्या शेजारीण आणि रूपाली त्यांची सून. तिला आधीच्या दोन मुली, आणि आता तिसरा महिना चालू होता. मी गावच्या हायस्कूलात विज्ञान शिकवते. "बाई, तुम्ही सोबत चला," म्हणून छबूबाईंनीच मला ओढून नेलं होतं.

बाबांची मात्र गाडी सुटली होती. "माता, गर्भ म्हणजे काय? ओली माती! तीन महिने चाकावर फिरते, चौथ्यात भट्टीला जाते. भट्टीआधी या, घडा पालटून देतो. भट्टीनंतर आलात तर बाबाला दोष नाही!" आठवडे बाजारातला चादरवालासुद्धा इतक्या सफाईनं बोलत नाही. रूपालीला एक काळसर पुडी पाण्यातून पाजली, मग दुसऱ्या तांब्यातलं पाणी पोटावर शिंपडलं. लाल पोट पुन्हा पिवळं, म्हणजे आता मुलगा. मांडवात जयजयकार झाला. उरलेल्या पुड्या रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या होत्या.

मला हसू आलं नाही. पोरीच्या पोटात काय गेलं, एवढंच डोक्यात होतं.

परतताना काळी-पिवळी जीपमध्ये मी छबूबाईंना म्हणाले, "अहो, तिसऱ्या महिन्यात बाळाला हात असतात, बोटं सुटी झालेली असतात. काळीज तर दुसऱ्या महिन्यातच धडधडायला लागतं. ती काय माती आहे?"

"तिसऱ्या महिनामा गोळाच ऱ्हास, बाई. तुमना पुस्तकमा लिखेल व्हई. लालनं पिवळं व्हई गयं, मी मन्हा डोयाघाई देखं."

रूपाली खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "माले नही पेवानं ते."

"गप बस," छबूबाई म्हणाल्या.

त्या रोज सकाळी पेला रिकामा होईपर्यंत सुनेसमोर उभ्या राहायच्या. रूपालीला उलट्या सुरू झाल्या, पोट आवळून येऊ लागलं. तिचा नवरा भाग्येश शिकलेला, साखर कारखान्यात नोकरीला. त्याला मी अंगणात गाठलं. तो चपलेकडे बघत म्हणाला, "आई ऐकत नाही, बाई. घरात कटकट नको." कटकट नको! मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

डोळ्यांनी पाहिलेलं डोळ्यांनीच पुसायला हवं, हे मला कळलं. पुढच्या गुरुवारी मी छबूबाईंना ओढत नेलं आणि डोक्यावरून पदर घेऊन स्वतःच सतरंजीवर आडवी झाले. बाबांनी माझे पांढरे केस पाहिले; पण गिऱ्हाईक कोण सोडतो? "देवाच्या दारी वय नसतं, माता." हळद लागली. पाणी पडलं, पोट लाल झालं. "कन्या!" पुडी मी मुठीतच ठेवली. दुसरं पाणी पडलं, पोट पिवळं. "पुत्र!"

मी उठून बसले, पातळ सारखं केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "मन्ही गर्भनी पिशवी नऊ वरीस पहिले काढी टाकेल शे. हाऊ पोऱ्या कोठे शे मंग?"

बाबा म्हणाले, "नास्तिकाच्या स्पर्शानं जल बाटलं." मी पहिला तांब्या उचलून सतरंजीवर पालथा केला. तळाशी पानाला लावायचा चुना बसला होता. दुसऱ्या तांब्यात लिंबाची बी तरंगत होती.

"लग्नातल्या हळदीच्या साड्या धुता ना?" मी विचारलं. "साबण लागला की डाग कसा होतो?"

"लाल," कोणीतरी म्हणालं.

"चुन्यानंही तसाच होतो. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा."

एका बाईनं तिथल्या तिथे स्वतःच्या तळहातावर करून पाहिलं. मग दुसरीनं. सगळ्यांनी जन्मभर तो डाग घासला होता. धुण्याच्या दगडावर त्याला कोणी हात जोडले नव्हते. पोटावर दिसला तेव्हा जोडले. छबूबाई खालीच बसल्या. बाबा मागच्या वाटेनं गाडीत बसून निघून गेले होते.

तेवढ्यात भाग्येशचा फोन आला. रूपालीला नंदुरबारला दवाखान्यात नेलं होतं.

आम्ही तिथे पोचलो. तिथल्या डॉक्टर नमिरा बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. बाळाचं हृदय थांबलं होतं. माझ्या मुठीतली पुडी मी त्यांना दिली. पुढे तपासणीत त्या पुडीत शिसं निघालं, पोटातल्या बाळाला विषच.

"मावशी," त्या छबूबाईंना म्हणाल्या, "मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतो त्याच क्षणी ठरतं. तेही बापाच्या बीजावरून, आईच्या नाही. नंतर ते कुठलंही औषध बदलू शकत नाही. औषध फक्त बाळाला मारू शकतं."

"माले कोणी सांगं नही," छबूबाई म्हणाल्या. बाळ म्हणजे माती नाही, हे मी सांगितलं होतं. पण त्या वेळी ते बोलायची मला लाज वाटली.

रूपाली घरी आल्यावर भेटायला रीघ लागली. बायका येत, डोळे पुसत, आणि आवाज खाली आणून छबूबाईंना एकच विचारत, "काय व्हतं? पोऱ्या का पोर?" संध्याकाळी भाग्येशनंही तेच विचारलं. भिंतीकडे तोंड करून पडलेली रूपाली तेव्हा उठून बसली. सासूसमोर, नवऱ्यासमोर, आल्यागेल्यासमोर ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"मन्हं लेकरू व्हतं."



हळद, चुना, लिंबू तुमच्याही घरात आहे. आजच करून पाहा, मुलांना दाखवा. घरात कोणाला दिवस गेले असतील तर तिला डॉक्टरांकडे न्या, बाबाकडे नको. आणि जिचं बाळ गेलंय तिला भेटायला जाल, तेव्हा काय होतं म्हणून विचारू नका. ती कशी आहे, ते विचारा.