कडूबाईची बोळकी फणी

हसा, मित्रांनो, पोटभर हसा! पाटोद्याच्या सुंदरराव देशमुखांच्या या काचेच्या कपाटात हस्तिदंती कंगवे आहेत, चांदीच्या मुठीचे ब्रश आहेत, हैदराबादेच्या कुठल्याशा बेगमसाहेबांचे केसांचे चिमटे आहेत. आणि या सगळ्या थाटामाटात मी, शिसवी लाकडाची, दोन दात पडलेली एक जुनी फणी! केसांची जुनी हत्यारं जमवण्यात देशमुखांची हयात गेली. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर केस औषधालाही नाही. पण शौक तो शौक!

माझे दात कसे गेले ते आधी ऐका. मग हसायचं की नाही ते ठरवा.

पाटोद्याच्या बाजारात एक म्हातारा कारागीर झाडाखाली बसून बारीक करवतीनं फण्यांचे दात कापायचा. त्यानं मला घडवलं. एका बाजूला विरळ दात, गुंता काढायला. दुसऱ्या बाजूला दाट, उवांचा कर्दनकाळ! धुळाजी धनगरानं लोकरीचा एक गठ्ठा देऊन मला घेतलं आणि बायकोच्या, साखराबाईच्या हातात ठेवलं. "कावून आणली? जुनी हाय की घरात," ती म्हणाली खरी, पण त्या संध्याकाळी तिनं मला तीनदा पदरानं पुसलं.

त्यांना एकच लेक. आधीची दोन लेकरं गेलेली, म्हणून हिला दृष्ट लागू नये यासाठी नाव ठेवलं कडूबाई. केस तिचे कमरेपर्यंत. रोज सकाळी साखराबाई तिला पुढ्यात घेऊन बसायची आणि मी त्या केसांतून अशी सरसर फिरायची की काय सांगू! पोरगी सारखी हलायची, आई डोक्यात टपली मारायची. माझे सगळ्यांत सुखाचे दिवस ते.

कडूबाई आठ वर्षांची झाली त्या वर्षी माघात तिला ताप भरला. महिनाभर उतरला नाही. जीव वाचतो की नाही अशी वेळ, तिथं फणी कोण आठवणार? पोर उठून बसली तेव्हा मानेवरचे केस एकमेकांत गच्च गुंतून त्यांचा पार नमदा झाला होता. धुळाजीची आई भिवराबाई, तिनं ते चाचपून पाहिलं आणि हात जोडले.

"जट आलीय. देवी बसलीय पोरीच्या केसात. तिनंच वाचवलं हिला. आता पोर तिची."

जटेला हळद लागली, वर पिवळं फडकं बांधलं गेलं. चैत्री पुनवेच्या जत्रेत कडूबाईला देवीला सोडायचं ठरलं. म्हणजे काय, ठाऊक आहे? आईबाप सुटले, घर सुटलं. जन्मभर दारोदार जोगवा मागत फिरायचं. आणि जटेला फणी लावणं म्हणजे तर महापाप! मला वळचणीला खोचून टाकलं. धुळीत पडून मी रोज त्या माउलीला चुलीपुढे डोळे पुसताना बघत होते, मित्रांनो. माझा जीव नुसता तुटत होता.

पुनव सहा दिवसांवर आली आणि साखराबाईनं वळचणीत हात घातला. मला कमरेला खोचलं, करडीच्या तेलाची बाटली घेतली आणि लेकीला घेऊन मेंढ्यांमागं माळावर गेली. बाभळीखाली बसून तिनं ते पिवळं फडकं सोडलं.

"आई, देवी रागावंल," कडूबाई घाबरून म्हणाली.

"रागावली तर माझ्यावर रागावंल. तू गप बस."

धनगराची बाई ती. लोकरीचा गुंता सोडवण्यात तिचा जन्म गेलेला. बुडाकडून ओढलं की लोकर तुटते, शेंड्याकडून एकेक केस सोडवत यावं लागतं. तशीच ती निघाली. तेल चोळायची, बोटानं मोकळं करायची, मग मला फिरवायची. दिवसाकाठी चार बोटंसुद्धा सुटेनात. घरी येताना फडकं पुन्हा घट्ट बांधायची.

चौथ्या दिवशी कडक गाठ लागली आणि कट्‌कन माझा एक दात गेला. पोरीनं किंकाळी फोडली. समोर बघते तर काठी टेकून धुळाजी उभा!

"काय करायलीस गं?"

साखराबाईचे हात थांबले, पण तिनं मला खाली ठेवलं नाही. धुळाजीनं लेकीचं रडवेलं तोंड पाहिलं. मग काठी टाकली आणि मागं येऊन बसला.

"तिला दुखायलंय. मी बुडाशी दाबून धरतो. तू सोडव."

पुनवेच्या आदल्या दिवशी शेवटची गाठ सुटली. दुसरा दात तिथं गेला. गेला तर गेला! त्या तिघांनी घरी येऊन म्हातारीपुढं फडकं सोडलं आणि मोकळे केस पाठीवर पसरले.

भिवराबाई आता आकांत करणार, असं मला वाटलं. ती उठली. नातीच्या केसांतून बोटं फिरवली, मुळापासून शेंड्यापर्यंत. पुन्हा फिरवली.

"आत्या, देवी न्हवती. गुंता हुता," साखराबाई हळूच म्हणाली.

म्हातारीनं केस मुठीत घेतले. "माझी धाकटी भैन छबू. तिलाबी अशीच जट आलती. मीच पैल्यांदा बघितली, मीच आईला सांगितलं. देवीला सोडली, ती पुन्ना दिसली न्हाई." तिनं नातीचे केस पुन्हा चाचपले. "तिलाबी निस्ता गुंताच आसंल का गं?"

भिवराबाईनं मला मागून घेतलं आणि रडत रडत स्वतःच्या हातानं नातीची वेणी घातली.

पुढं कडूबाई मोठी झाली, संसाराला लागली, आणि गावोगावच्या आया जट आलेल्या लेकी घेऊन तिच्याकडं यायला लागल्या. देशमुखांनी मला तीनदा मागितलं. तिन्ही वेळा तिनं नाही म्हटलं. चौथ्यांदा ती आपण होऊन आली.

"आमी आठ म्हैने मेंढ्यामागं. बाया येतात आन् रिकाम्या हातानं जातात. हितं बाजाराला सगळ्या येतात, म्हून फणी हितं ठिवते. पर कपाटाला कुलूप लावायचं न्हाई."

"बरं. आश्रुबा सुताराकडून दोन दात बसवून घेऊ?"

"न्हाई, मालक. बाया इचारतात दात कशानं पडले. मंग त्यास्नी सांगता येतंय."

तेव्हापासून मी इथं आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पुसा, ऊन-वाळवीपासून सांभाळा. पण ज्या कामासाठी त्या जन्मल्या, त्या कामाला त्यांना जाऊ द्या. एवढंच मागणं.

आणि आता रजा द्या. आज बाजार आहे. शिरूर कासारकडची एक बाई दारात उभी आहे, तिच्या बोटाला धरलेल्या पोरीच्या डोक्याला पिवळं फडकं आहे, आणि आमचे टकले देशमुख आत ओरडत आहेत, "अगं, तेल कोमट कर!" परत येईन तेव्हा कदाचित तिसराही दात गेलेला असेल. तेव्हा पुन्हा हसा. मीही हसेन तुमच्याबरोबर.