पोपोकी येईपर्यंत

मी एक तंबू आहे. माझ्या पिशवीवर ‘सहा माणसांसाठी’ असं छापलंय, पण ते मनावर घेऊ नका. दोन माणसं, एक बर्फाची पेटी आणि एक ओला कुत्रा आत आला की माझा श्वास कोंडतो. सगळ्यात जास्त कुत्र्याने. ही गोष्ट खरं तर त्याचीच आहे. मी सांगतोय, कारण तो काही सांगणार नाही, तो झोपलाय.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. शिलाईयंत्रांची खडखड आणि नव्या कापडाचा वास, एवढंच तिथलं आठवतं. मग जहाजातला लांबलचक अंधार. उजेड दिसला तो ओआहू बेटावरच्या एका दुकानात. तिथे वेंडेल कानेशिरो नावाचा बसड्रायव्हर बागेची नळी घ्यायला आला आणि मला उचलून घेऊन गेला.

“नळी आणायला गेला होतास ना?” दारातच त्याच्या बायकोने, कानोएने, विचारलं.

“आणली ना. पिशवीत आहे बघ.”

“ही नळी?”

“तंबू आहे. नळी संपली होती.”

कानोए शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. शेकडो पोरांना एका नजरेत गप्प बसवणारी बाई. तिने वेंडेलकडे तीच नजर टाकली. तो हसत हसत अंगणात माझे दांडे जुळवायला बसला.

एवढ्यात घरातून कुत्र्याचं एक पिल्लू धावत आलं, माझ्या कापडावर चढलं आणि मधोमध शू करून त्याने मला आपलंसं केलं. हा पोपोकी.

पोपोकी म्हणजे इथल्या भाषेत मांजर. हा बसच्या डेपोत मांजरीच्या पिल्लांमध्ये राहत होता, त्यांच्यातच दूध प्यायचा, त्यांच्यासारखे पंजे चाटायचा. म्हणून डेपोतले सगळे त्याला हेच म्हणायचे, आणि वेंडेलने घरी आणताना नाव काही बदललं नाही.

“कुत्र्याला मांजर म्हणून हाक मारायची?” कानोए म्हणाली. “शेजारी हसतील.”

“हसू देत. त्यांच्या कुत्र्याचं नाव राजा आहे, आणि तो झुरळाला घाबरतो.”

दर उन्हाळ्यात आम्ही समुद्रावर जायचो. बेटाच्या वाऱ्याकडच्या बाजूला, सुरूच्या झाडांखाली एक मैदान आहे, पुढे लगेच वाळू. कुत्र्यांना तिथे मोकळीक आहे. एका बाजूला कुणाच्या तरी शेगडीवर मासे भाजले जात असतात, दुसरीकडे कुणी युकुलेली, चार तारांची छोटी गिटार, वाजवत असतं, आणि सगळ्यांचे कुत्रे सगळ्यांच्या तंबूंतून आपलंच घर असल्यासारखे फिरत असतात.

पहिल्या वर्षी कानोएने जाहीर केलं, “कुत्रा तंबूत येणार नाही.” संध्याकाळी सर आली. पोपोकी बाहेर उभा राहून भिजला, आणि असा काही चेहरा केला, की तिनेच दाराची चेन उघडली. तो नियम मी पुन्हा कधी ऐकला नाही.

समुद्राकाठी एवढी मोकळी जागा, पण अंग झटकायला पोपोकीला मीच लागायचो. पाण्यातून निघायचा, लोकांना चुकवत धावत यायचा, माझ्या मधोमध उभा राहायचा आणि झटकायचा. पांघरुणं, उशा, कानोएचा चष्मा, सगळं वाळूने माखायचं. मग रात्री झोपताना ती वाळू झटकत पुटपुटायची, “तुझं कुत्रं, वेंडेल. तुझं.” भांडण निघालं की कुत्रा त्याचा. बाकी वेळी भाताचा शेवटचा घास कुणाच्या हातून जायचा, ते मी पाहत होतो.

वेंडेल गळाच्या काठ्या वाळूत रोवून ठेवायचा. त्यांच्या टोकाला घुंगरं बांधलेली. मासा लागला की घुंगरू वाजायचं. वेंडेल खुर्चीत घोरत असायचा, पोपोकी त्याची चप्पल ओढून त्याला उठवायचा. आणि पोपोकी लांब गेला, की वेंडेल दोन बोटं ओठांत घालून शीळ मारायचा. ती कानी पडली, की आधी भुंकण्याचा आवाज यायचा, मग किनाऱ्याच्या टोकाला वाळूचा धुरळा उठायचा.

अशी बरीच वर्षं गेली. मग एकदा अंगणात चाफ्याची फुलं गोळा करता करता वेंडेल खाली बसला, तो उठलाच नाही. त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय, आणि बोलणंही अर्धं. इस्पितळातून त्याला हातापायांचे व्यायाम करून घेतात अशा ठिकाणी नेऊन ठेवलं. तिथे कुत्र्यांना बंदी होती.

मी गाडीच्या शेडमध्ये फळीवर होतो. पोपोकी माझ्याखाली येऊन बसायला लागला. मला वेंडेलचा वास होता ना. कानोएने एकदा ते पाहिलं आणि मला फळीवरून काढून खाली ठेवलं.

उन्हाळा आला. शेडमध्ये कपडे वाळत घालताना तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

“समुद्रावर... जा,” वेंडेल म्हणाला. एकेक शब्द ओढून काढावा तसा.

“तुला सोडून? काय करू मी तिथे जाऊन?”

“पोपोकीला काय ठाऊक... मी आजारी आहे. त्याला वाट... नको बघायला लावू.”

म्हणून ती निघाली. सोबत धाकटी बहीण इवा. दोघींनी मिळून मला उभं केलं, आणि लांब जाऊन पाहिलं.

“ताई, हा तंबू आहे की दारुडा?” इवाने विचारलं.

“गप्प बस. वारा सुटला की सरळ होईल.”

मी सरळ झालो नाही. पण कानोए बऱ्याच दिवसांनी हसली होती, तेव्हा मला माझ्या वाकडेपणाचं फारसं वाईट वाटलं नाही.

चार जुलैचा, स्वातंत्र्यदिनाचा सण होता. दुपारीच पलीकडच्या घोळक्यातल्या कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. सणाच्या गर्दीमुळे पोपोकी माझ्या कोपऱ्याच्या दोरीला बांधलेला होता. पहिल्या आवाजाला तो उडाला, दुसऱ्याला त्याने दोरी ताणली, आणि मग माझा कोपरा टर्रकन फाटला. कापडाचा तुकडा, दोरी आणि खुंटी ओढत तो झाडीत शिरला. पुन्हा दिसला नाही.

सगळ्या मैदानाने त्याला शोधलं. ज्यांनी माळ लावली होती तेही मान खाली घालून शोधत होते. हाका मारून मारून कानोएचा आवाज बसला. “पोपोकी! पोपोकी!” ऐकून कुणाच्या तरी पाहुण्याने विचारलं, “मांजर हरवलंय का?” तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी वेंडेलचा फोन आला. कानोए माझ्या दाराशी वाळूत बसली. डोळे पुसले, घसा खाकरला.

“मजेत आहे रे. खड्डा खणतोय. सगळी वाळू माझ्या अंगावर.”

“फोन... त्याच्या कानाला लाव.”

तिने इवाकडे पाहिलं. मग फोन माझ्या रिकाम्या पोटात, हवेत धरला. त्यातून एक शीळ आली. अर्ध्या ओठांची, फुसफुसणारी, पण तीच. ती माझ्या आत घुमली आणि विरून गेली.

“ऐकली त्याने,” कानोए म्हणाली. “शेपटी हलवतोय.”

फोन ठेवल्यावर ती पालथी पडून लहान मुलासारखी रडली.

आठवड्यातले मधले दिवस मैदान बंद असतं. राखणदार टावीता आपली विजेची छोटी गाडी घेऊन आला. सामोआ बेटांवरून आलेला हा माणूस दारात उभा राहिला तर दार दिसत नाही, असा आडवातिडवा.

“आंटी, सगळ्यांना निघावं लागतं. गवताला विश्रांती हवी.”

“दे गवताला विश्रांती. मी वाळूवर बसते.”

“आंटी, माझी नोकरी आहे हो.”

इवा मध्ये पडली. “हरवलेला कुत्रा जिथून गेला तिथेच परत येतो म्हणतात, दादा. घरचा वास असलेलं काहीतरी तिथे ठेवायचं. या तंबूइतका त्याचा वास कशाला आहे?”

टावीताने माझ्याकडे पाहिलं. माझ्या फाटक्या कोपऱ्याकडे पाहिलं. कानोएच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहायचं त्याने टाळलं.

“असं करा, हा तंबू मला द्या,” तो म्हणाला.

“काय?”

“भेट द्या. राखणदाराचं सामान मैदानात राहू शकतं. तुम्हाला नाही राहता येणार, पण माझ्या तंबूला कोण हलवतो बघू.”

“तुझ्या मापाचा नाही हा,” कानोए नाक ओढत म्हणाली.

“मी कुठे आत झोपणार आहे? पाय ठेवीन तेवढे.”

जाताना तिने वेंडेलचं जुनं पांघरूण माझ्यात अंथरलं, पाण्याचं भांडं ठेवलं आणि दाराची चेन वर बांधली. मग माझ्या कापडावर हात ठेवला. इतक्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

“बघ रे. आला तर जाऊ देऊ नकोस.”

आता सांगा, तंबूने कुणाला कसं अडवायचं?

सगळे गेल्यावर ते मैदान केवढं मोठं वाटलं! खेकडे आत येऊन माझी पाहणी करून गेले. एका मुंगसाने पांघरुणात नाक खुपसलं. रानटी कोंबड्या तर संसार मांडायच्याच बेतात होत्या. मग जोराचा वारा सुटला. फाटक्या कोपऱ्यातून तो आत शिरायचा आणि मला उपटू पाहायचा. मी उभा राहिलो, पण त्यात माझं कर्तृत्व काही नाही. टावीता भर वाऱ्यात येऊन माझ्या कडेने दगड रचून गेला.

कानोए रोज सकाळी यायची. झाडीतून हिंडायची, भांड्यातलं पाणी बदलायची आणि मग वेंडेलकडे जायची. जाण्याआधी माझ्या दाराशी बसून तालीम करायची.

“आज काय सांगू? काल म्हटलं, खेकड्याने त्याचं नाक धरलं. आज सांगते, शेजारच्यांची कोंबडी पळवली. किती खोटं बोलू रे मी!”

मग ती पहाट आली. समुद्र नुकताच राखाडी दिसू लागला होता. सुरूच्या बुंध्याआड काहीतरी हललं. मला वाटलं, मुंगूस. ते बाहेर आलं. बरगड्या दिसत होत्या, एक पाय उचललेला, गळ्यात दोरीचं कुरतडलेलं टोक. आणि त्या टोकाला माझ्या कापडाची एक चिंधी.

तो लांबूनच वास घेत राहिला. एक पाऊल पुढे, दोन मागे. मी जीव मुठीत धरून होतो. वारा पडावा, माझं कापड फडफडू नये, एवढंच वाटत होतं. शेवटी तो आत आला, भांडं पिऊन रिकामं केलं, पांघरुणावर गोल गोल फिरला आणि पडला. त्याचं सगळं अंग थरथरत होतं.

तेवढ्यात टावीताची गाडी घरघरत आली. पोपोकी ताडकन उठला. कान मागे, पाय पळायच्या तयारीत. गेला, मला वाटलं, आता गेला.

टावीताने त्याला पाहिलं आणि गाडी जागीच बंद केली. उतरला, आणि आहे तिथेच, लांब, पाठ करून वाळूत बसला. एवढा मोठा माणूस, पण हलक्या आवाजात चर्चमधलं एक गाणं गाऊ लागला. गाता गाताच त्याने फोन लावला, आणि त्याच चालीवर म्हणाला, “आंटी, या, आंटी, हळू या, माझ्या तंबूत पाहुणा आलाय.”

ती आली तेव्हाही तो गातच होता. चपला तिने रस्त्यावरच काढल्या होत्या. हाक मारली नाही. धावली नाही. माझ्या दाराशी येऊन पाठमोरी बसली आणि नेहमीच्या सुरात कुरकुर सुरू केली.

“सगळी वाळू, जिकडे तिकडे वाळू. उशीत वाळू, चष्म्यात वाळू. कोण झटकणार? मीच. माझंच कुत्रं आहे ना. माझं.”

पोपोकी ऐकत होता. मग पोटावर सरपटत पुढे आला आणि तिच्या पाठीवर नाक टेकलं. ती वळली तशी तो रडायला लागला. खरंच सांगतो, भुंकला नाही, रडला. तीही. टावीताचं गाणंही मध्येच बेसूर झालं.

तिने वेंडेलला फोन लावला आणि पोपोकीसमोर धरला. “शीळ घाल.”

ती अर्ध्या ओठांची शीळ आली, आणि माझं छप्पर हादरेल असा पोपोकी भुंकला.

पलीकडून वेंडेलने विचारलं, “आला?”

“आला म्हणजे? इथेच तर होता.”

“कानोए... त्या दिवशी भुंकला नाही तो. तेव्हाच कळलं मला.”

“मग बोलला का नाहीस?” ती ओरडली. “रोज मी एवढ्या गोष्टी रचत होते!”

“बोललो असतो... तर तू रडली असतीस. मला उठून... येता आलं नसतं. आणि ती खेकड्याची गोष्ट... फार छान होती.”

काही महिन्यांनी वेंडेल काठी टेकत घरी आला. टावीताने मला परत दिलं. पाय मावत नाहीत म्हणाला. कानोएने माझ्या कोपऱ्याला जाड ठिगळ लावलं, आणि पुढचे कितीतरी उन्हाळे आम्ही सगळे तिथे गेलो. माझ्याशेजारी टावीताची खुर्ची असायची.

आता माझं कापड विरलंय, दाराची चेन चालत नाही, थेंब आत येतात. या वर्षी त्यांनी नवा तंबू घेतला. उंच आहे, वेंडेलला न वाकता आत जाता येईल. मला त्याचा राग नाही. मला त्यांनी शेडमध्ये जमिनीवर घडी करून अंथरलंय, आणि माझ्यावर पोपोकी झोपतो. म्हातारा झालाय. झोपेत अजून पाय हलतात.

नवा तंबू समोरच्या फळीवर आहे, अजून पिशवीत. त्यालाच सांगायचं होतं हे सगळं. बाबा रे, तू स्वच्छ आहेस, कडक आहेस, तुझ्या शिवणीत अजून एक कणही गेलेला नाही. परवा तुला समुद्रावर नेतील. हा म्हातारा लंगडत पाण्यात जाईल, आणि सगळा किनारा सोडून तुझ्यातच येईल अंग झटकायला. नखं लागतील, डाग पडतील, वास तर कधीच जाणार नाही. अंग चोरू नकोस. जेवढी वाळू तो आणेल, तेवढी सगळी ठेवून घे.