पंचबाईंच्या दाढेमागचा निळा धागा

मी एक जुना आरसा आहे. पण मित्रांनो, माझ्यात बघून कुणी भांग पाडत नाही. बटणाएवढं गोल तोंड आणि लांब पोलादी दांडा, असा मी दाताच्या डॉक्टरांचा आरसा. कारखान्यात काचेला चकचकीत मुलामा चढला, तेव्हापासून मी लोकांच्या तोंडात डोकावतो आहे. "रोज दोनदा ब्रश करतो," असं प्रत्येकजण सांगतो. त्यातले खरं बोलणारे मी मोजत आलो. तुमच्या एका हाताची बोटं पुरतील, अंगठा उरेल.

डॉक्टरीणबाई माझं फार कौतुक करायच्या. मग दवाखान्यात छोटा कॅमेरा आला. पडद्यावर दाढ भोपळ्याएवढी दिसू लागली आणि माझी रवानगी खालच्या खणात झाली.

एका गुरुवारी पंचबाई आल्या. फुटबॉलच्या बावीस दांडगटांना नुसत्या नजरेने गप्प करणाऱ्या बाई, पण आज गाल सुजवून आईच्या मागे उभ्या होत्या. तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. त्यामुळे बोलायचं काम आईकडे आलं होतं आणि आई ते मनापासून करत होती.

"डॉक्टर, रविवारी अंतिम सामना आहे. पाच वर्षं रेषेवर झेंडा हलवला, आता कुठे हिला मुख्य पंच केलंय. आणि तोंडात शिट्टीच जाईना!"

"आई, अगं..."

"तू गप्प बस. चार दिवस सांगतेय, चल म्हणून. तर म्हणे, आपोआप बरं होईल! आपोआप फक्त धूळ साचते."

"दुखतंय त्या बाजूला ब्रश फिरवता का?" डॉक्टरांनी विचारलं.

पंचबाईंनी मान हलवली. नाही.

"दुखतं म्हणून जपते हो ती," आई म्हणाली.

"म्हणजे आतली घाण जपून ठेवली!"

कॅमेऱ्याचं डोकं जाड. ते त्या फटीतून आत जाईना. "तो जुना आरसा काढा बरं," डॉक्टर म्हणाल्या. मित्रांनो, वाफेची आंघोळ करून मी असा झळकलो, की विचारू नका!

आत शेवटची अक्कलदाढ अर्धी वर आली होती. उरलेली अर्धी अजून हिरडीच्या पांघरुणात होती. त्या पांघरुणाखाली अन्नाचे कण शिरून हिरडी लालबुंद झाली होती, पू धरला होता. आणि मधोमध एक निळा धागा!

डॉक्टरांनी तो चिमट्याने ओढला. "हे काय खाल्लंत?"

आईची नजर लेकीच्या गळ्यातल्या शिट्टीकडे गेली. शिट्टीची दोरी निळी, आणि तिचं टोक पार कुरतडलेलं.

"अगं बाई! सामना रंगला की ही दोरी चघळते. लहानपणी फ्रॉकची नाडी चघळायची!"

पंचबाईंचा चेहरा लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूसारखा झाला.

डॉक्टरांनी पिचकारीने हिरडीखाली कोमट मिठाचं पाणी सोडून जागा पुन्हा पुन्हा धुतली. ताप होता म्हणून औषध दिलं. "जेवल्यावर मिठाच्या पाण्याने चुळा भरा, मऊ ब्रश हळूच फिरवा. सूज उतरली तर शिट्टी फुंका. दोरी मात्र मनगटाला!"

शुक्रवारी जागा पुन्हा धुवायला आल्या तेव्हा तोंड दीड बोट उघडलं, शनिवारी दोन. रविवारी मी खणात नुसता तळमळत होतो.

सोमवारी दार धाडकन उघडलं. पंचबाई बोलतच आत आल्या आणि आज आईला तोंड उघडायला जागा नव्हती. सामना जादा वेळेत गेला, शिट्टी खणखणीत वाजली, एकाही निर्णयावर भांडण झालं नाही!

"एक चुकला हं," आईने मध्येच घुसवलं. "पण हरलेल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या हो!"

दाढ पुढच्या महिन्यात काढायची ठरली. पंचबाई हसतच तयार झाल्या. मग त्यांनी दारामागून हरलेल्या संघाचा गोलरक्षक दंड धरून आत ओढला.

"पेनल्टीला गाल धरून उभा होता हा! म्हटलं, चल आधी. डॉक्टर, अजून तीन बोटं उघडतंय त्याचं!"

मित्रांनो, शेवटच्या दाढेमागे हिरडी ठणकू लागली, तर तिच्याशी अबोला धरू नका. तिथेही ब्रश न्या आणि तोंड तीन बोटं उघडतंय तोवरच दवाखाना गाठा. आत बघण्यासारखं काहीच सापडणार नाही, अशी तोंडं घेऊन या. मी आनंदाने कंटाळेन.