भिंतीआधीची टपली

मी काठी बोलतेय. आधाराची नाही आणि शिस्तीचीही नाही. माझ्या टोकाला स्पंजचा गोळा बांधलेला आहे आणि आजवर मी एकाच मुलीच्या डोक्यात इतक्या टपल्या मारल्यात की दुसऱ्या कोणी मारल्या असत्या तर तिच्या आईने त्याला घराबाहेर काढलं असतं.

तशी मी रंगाऱ्याच्या सामानातली. छत रंगवताना रोलरला लावतात तो लांब पोकळ दांडा म्हणजे मी. माझा मालक घरं रंगवायचा. त्याच्या भाचीला, ठकूला, जन्मापासून दिसत नाही, पण पाण्यात पडली की कोणाच्या बापाला ऐकायची नाही. आईवडील दोघंही कामावर, म्हणून तिला पोहण्याच्या तलावावर न्यायचं काम मामाच्या गळ्यात पडलं. पुढे तलावावरचे सगळेच त्याला मामा म्हणू लागले, तिकीट फाडणाऱ्या म्हाताऱ्यासकट.

आता दिसत नसलेल्या पोहणाऱ्याला भिंत आली हे कळायचं कसं? तर काठावर एक माणूस वाकून उभा राहतो आणि भिंत टप्प्यात आली की काठीने डोक्यावर हलकी टपली मारतो. टपली लागली की पोहणाऱ्याने कोलांटी घ्यायची, पाय भिंतीवर रोवायचे आणि उलट सुटायचं. पलीकडच्या टोकाला प्रशिक्षक बाई त्यांची काठी घेऊन असायच्या, या टोकाला मी आणि मामा. रोज उजाडताना, रंगाचे डबे उचलायच्या आधी. त्याच्या विजारीचे गुडघे कधी नीट वाळले नाहीत आणि त्या औषध घातलेल्या पाण्याने माझे गोळे कुजत राहिले. तक्रार करत नाही, पण दमायला होतं हो. उभ्या उभ्या दमायला होतं.

ठकू देशाच्या संघापर्यंत पोचली. तिचे फोटो छापून आले. त्यांत कडेला माझा अर्धा गोळा दिसतो. मामा कापला गेलेला असतो.

मग एका सरावात घात झाला. ठकूने सगळ्यांना मागे टाकलं होतं आणि मामाला राहवलं नाही. बाकावरच्या पालकांकडे मान वळवून तो म्हणाला, "बघितलंत का आमची पोर?" तेवढ्यात आमची पोर भिंतीवर आदळली. कपाळ फुटलं, टाके पडले.

टाके सुकले तशी ठकू पाण्यात परतली. मामाचं मात्र काहीतरी त्या भिंतीपाशीच राहिलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्याचं झालं. माझी टपली वीतभर आधी पडू लागली. लवकर टपली म्हणजे लवकर कोलांटी. मग पाय भिंतीला जेमतेम टेकतात आणि सुटताना जोर मिळत नाही. बघणाऱ्याला काही कळत नाही, पण तिथे सगळा खेळ त्या वीतभराचाच असतो. जागतिक स्पर्धेसाठी निवडीच्या दोन शर्यती होत्या. पहिलीत ठकू मागे पडली.

टॉवेल गुंडाळून ती बाकावर बसली. "मामा, तू घाबरून मारतोस."

"छे गं! वय झालं माझं, हात थरथरतो."

"हात बरा आहे तुझा. तू आधी मारतोस. मला भिंतच सापडत नाही."

मामा तिच्या शेजारी बसला. "तुझ्या कपाळावरची खूण मला रोज दिसते, ठकू. तुला दिसत नाही."

"मग मला दिसत नाही तेच बरं. दोघांतल्या एकाने तरी न घाबरता पोहायला नको का?"

एरवी असल्या बोलण्यावर मामा खो खो हसला असता. त्या दिवशी त्याने माझा गोळा पिळला आणि तो उठला.

पुढचे सगळे दिवस त्याने डोळ्यांत तेल घालून सराव केला. आज थांबायचं, असं मनाशी पक्कं करून यायचा. पण ती जवळ आली की घोडं तिथेच पेंड खायचं. त्याच्या मुठीतला घाम मला कळायचा आणि मी आधीच खाली जायची. माझ्या हातात काय होतं?

दुसऱ्या शर्यतीच्या सकाळी तो संघाच्या फिजिओताईपुढे जाऊन उभा राहिला. सरावात ती कधीमधी टपली मारायची. त्याने मला तिच्यापुढे धरलं.

"आज तुम्ही उभ्या राहा ताई. काठी मात्र हीच घ्या, तिच्या डोक्याला या गोळ्याची सवय आहे."

"अहो मामा, आणि तुम्ही?"

"मी गॅलरीत बसतो. पोरीला आता माझ्यापासूनच वाचवायला हवं."

ताईचा हात कोरडा होता. ठकू आली, मी थांबले, आणखी थांबले आणि नेमकी पडले. समोर गॅलरीत मामा बसला होता. त्याचा रिकामा उजवा हात माझ्याआधी वर उठून खाली आला होता. वीतभर आधीच.

ठकू पहिली आली. निवड झाली. गर्दीतून चाचपडत ती मामाच्या बाहीपर्यंत पोचली.

"तू नव्हतास ना काठावर? मला वळतानाच कळलं."

"कसं?"

"पायाला सगळी भिंत मिळाली रे."

मामा हसला आणि तिची ओली टोपी तोंडावर दाबून रडला. मला फार वाईट वाटलं. आनंदाच्या दिवशी इतकं वाईट वाटू नये, पण वाटलं.

आता मी ताईबरोबर परदेशी निघालेय, पिशवीत गुंडाळलेली. पदक मिळालं तर ते ठकूने कमावलेलंच असेल, त्यात वाद नाही. फक्त एक गोष्ट माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. शर्यतीत तोंडाने काही सांगायला बंदी असते, तरी टपली मारायच्या आधी मामा दर वेळी ओठांतल्या ओठांत म्हणायचा, "आलीस बाळा, आलीस." तिचे कान पाण्यात असायचे. तिला ते एकदाही ऐकू गेलं नाही. मला तिच्याशी बोलता येत नाही. तुम्हाला ती कुठे भेटली, तर तेवढं सांगा.