माळ्यावरून पुन्हा समुद्रात

मित्रांनो, रेग्युलेटर म्हटलं की तुम्हांला भिंतीवरचा पंख्याचा आठवेल, नाहीतर गॅसच्या टाकीवरचा. मी जुना आहे, त्यांच्याच जातीचा आहे, पण माझं काम समुद्राच्या पोटात चालतं.

पाठीवर हवेची टाकी बांधून माणूस पाण्याखाली उतरतो. टाकीतली हवा इतकी दाबून कोंडलेली असते, की ती थेट तोंडात घेताच येणार नाही. मी तिला मवाळ करतो आणि माणसाला हवी तेव्हा, हवी तेवढीच देतो. माझा पितळी भाग टाकीवर बसतो, दुसरा भाग माणसाच्या तोंडात असतो आणि मध्ये काळी रबरी नळी असते.

माझे मालक पद्माकर बेंगळुरूच्या एका सरकारी प्रयोगशाळेत इंजिनीअर होते. रजा मिळाली की ते मुरुडेश्वर गाठत आणि तिथून होडीने नेत्राणी बेटाकडे जात. नीलाताई होडीतच बसून राहत. त्यांना पोहता येत नसे आणि नवऱ्याला अडवणंही जमत नसे. खाली पद्माकर शांतपणे श्वास घेत, मी तो पुरवत असे आणि आमच्या समोरून माशांचे थवेच्या थवे वळून जात. घरी आल्यावर ते मला गोड्या पाण्यात बुडवून ठेवत, सावलीत वाळवत. मला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

पुढे त्यांच्या कानाला इजा झाली आणि डॉक्टरांनी पाण्याखाली जायला कायमची मनाई केली. सरकारी क्वार्टर सोडून कुटुंब सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये आलं. पद्माकरांनी मला शेवटचं धुतलं, डायव्हिंगच्या जाकिटासोबत जुन्या सुती चादरीत गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. त्या हातांत माया होती. पण माळा तो माळाच. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. माझं रबर ताठरत गेलं. आम्हांला कुणी उघडून पाहिलं नाही, कारण आम्ही नीट ठेवलेले आहोत याची घरात सगळ्यांना खात्री होती.

त्यांची मुलगी यशश्री इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागली आणि गुपचूप डायव्हिंग शिकून आली. आता तीही नेत्राणीला निघाली होती. बातमी ऐकताच पद्माकर स्टुलावर चढले, मला खाली काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"भाड्याचं कशाला? हा घेऊन जा."

"बाबा, आधी तपासून घेऊ या का?"

त्यांचा चेहरा पडला. "मी स्वतः धुऊन ठेवलाय. काय होणार आहे त्याला?"

स्वयंपाकघरातून नीलाताई बाहेर आल्या. त्या एरवी या विषयात बोलत नसत. "अहो, तुम्ही खाली असताना मी होडीत बसून देवाचं नाव घ्यायची. तेव्हा काही बोलले नाही. पण हा तपासल्याशिवाय ती पाण्यात जाणार नाही."

शनिवारी तिघंही मला आणि जाकिटाला घेऊन डायव्हिंगचं सामान दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गेले. तिथली कारागीर शिवलीला बेळगावकडची होती. आमचं मराठी ऐकून ती खुलली. "बसा की सर. स्वल्प वेळ लागेल."

तिने मला भरलेल्या टाकीवर चढवलं. पद्माकरांनी न राहवून मला तोंडात धरलं आणि श्वास घेतला. इतक्या वर्षांनी! मी जीव तोडून हवा दिली.

"बघ यशू, लोण्यासारखी येते!"

मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटलं, की खोलीत हवा देणं सोपं असतं. पण मला वाचा कुठली?

शिवलीलाने नळीवरचं रबरी आवरण मागे सरकवलं आणि नळी हलकेच वाकवली. आवरणाखाली बारीक भेगाच भेगा होत्या. मग तिने दाब मोजायचं घड्याळ जोडलं आणि ते पद्माकरांपुढे धरलं. "सर, तुम्हीच बघा. काटा थांबायला पाहिजे."

काटा थांबेना. हळूहळू वर सरकत राहिला. पद्माकरांचं सगळं आयुष्य असल्या काट्यांकडे बघण्यात गेलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"चढतोय," ते म्हणाले. "आतली झडप गेली. खाली गेल्यावर हा हवा ओतत सुटला असता. किंवा ही नळीच..." ते बायकोकडे वळले. "नीला, मी हेच तिच्या तोंडात देणार होतो."

"दिलं नाहीत ना?" नीलाताई म्हणाल्या. "मग झालं."

शिवलीलाने माझा एकेक भाग सुटा केला. पितळेवर हिरवा थर चढला होता, रबरी कड्या बोटांत तुटत होत्या. तिने पितळ स्वच्छ केलं. झडप, पडदा, कड्या, नळी, सगळं नवं घातलं. माझ्या सोबत्याला, जाकिटाला, मात्र तिने नकार दिला. त्याच्या आतली हवा भरायची पिशवी विरली होती. इतकी वर्षं आम्ही एका चादरीत काढली होती, मित्रांनो. तो टेबलाखालच्या भंगाराच्या खोक्यात गेला.

शेवटी राहिला तोंडात धरायचा रबरी तुकडा. त्यावर पद्माकरांच्या दातांचे खोल ठसे होते. यशश्री म्हणाली, "एवढा राहू दे ना. बाबांची आठवण."

पद्माकरांनी त्या ठशांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "काढा तो. तिच्या दातांची ठेवण वेगळी आहे."

"सरी सर," असा कानडीत होकार देत शिवलीलाने नवा तुकडा बसवला. पुन्हा घड्याळ लावलं. काटा वर गेला आणि थांबला. नीलाताईंनी इतका वेळ घट्ट धरलेली पर्स मांडीवर सोडली.

आधी तलावात चाचणी झाली आणि मग नेत्राणी. होडीत पद्माकर आणि नीलाताई शेजारी शेजारी बसले होते. यशश्री मला घेऊन खाली उतरली. पाणी गार होत गेलं, दाब वाढत गेला. तिने श्वास मागितला की मी देत होतो. एक मोठं कासव आमच्याकडे न बघता निघून गेलं आणि ती त्याच्यामागे बघतच राहिली.

वर आल्यावर पद्माकरांनी माशांचं विचारलं नाही, कासवाचं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "श्वास जड गेला का गं?"

यशश्री केसांतलं पाणी निपटत हसली. "बाबा, तो तोंडात आहे हेच मी विसरले होते!"

मित्रांनो, माझ्यासारख्याला याहून मोठी शाबासकी नाही. मी कामावर असताना मला खुशाल विसरा. पण काम संपलं, की विसरू नका. मला धुवा, वाळवा आणि नुसतं जपून ठेवू नका. अधूनमधून उघडून बघत जा.