आईचा तीळ

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. भिंती फासणारा दांडगोबा नव्हे हं. खारीच्या केसांचा, टोक सुईसारखं.

आमचा चित्रकार देश सोडून निघाला तेव्हा त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात मी होतो आणि घडी घातलेला त्याच्या आईचा फोटो. परक्या गावात पोचेपर्यंत घडीची पांढरी रेघ आईच्या गालावरून आडवी गेली.

तिथे त्याच्या चित्रांना कुत्रं विचारीना. मग तो फोटो स्टुडिओत लागला, लोकांचे फोटो सजवायला. काम माझंच म्हणा. मिटलेले डोळे मी उघडले, टकलांवर केस पेरले, पुटकुळ्या आणि तीळ तर शेकड्यांनी गिळले. गिऱ्हाईक म्हणायचं, "अगदी मीच दिसतोय हो." दिसत नसायचा.

काम संपलं की चित्रकार मला धुवायचा, ओठांत धरून टोक काढायचा आणि म्हणायचा, "गड्या, आईची रेघ तूच भरायचीस. जरा हात बसू दे." एक फटकारा चुकला तर आईच पुसली जायची, म्हणून भ्यायचा. मी वाट बघत राहिलो.

मग कॉम्प्युटर आला. त्यात चुकलं तर बटण दाबून मागे जाता येतं. चित्रकार लट्टू. मी पेल्यात, धूळ खात.

एकदा त्याने मला शाईत बुडवून कागदावर फटकारे मारून घेतले. बारीक, जाड, तिरके. वाटलं, आला आईचा दिवस. कसलं काय. ते फटकारे स्कॅन करून त्याने कॉम्प्युटरला पाजले. माझी चाल त्या डब्याच्या अंगात, आणि मी न धुता परत पेल्यात. आईची रेघ डब्याने भरली. माझ्याच फटकाऱ्यांनी.

फोटो मोठा छापून भिंतीवर लागला. चित्रकाराची बायको चष्मा लावून जवळ गेली.

"अहो, सासूबाईंचा तीळ कुठंय?"

त्याची तीळ पुसायची जन्माची खोड. फोटोवरच्या धुळीच्या ठिपक्यांबरोबर आईचाही पुसला होता.

"आता परत छापणार?"

"नको. तीळ तरी हातानं लावतो."

आठवण झाली एकदाची माझी. पण शाई वाळून माझी काडी झालेली. कोमट पाण्यात घोळवलं, ओठांत धरलं, टोक काही येईना. तरी टेकवलंच.

"तीळ म्हटलं होतं," बायको म्हणाली. "बेदाणा चिकटवलात."

एरवी मीही हसलो असतो. पण ज्या गालाची इतकी वर्षं वाट पाहिली, तिथे माझा एकच ठिपका पडला, आणि तोही डाग.

मित्रांनो, नवं अवजार खुशाल आणा. जुन्याची विद्याही घ्या. पण त्याला धुऊन ठेवा. मागे जायचं बटण आम्हाला नसतं.