कुसाआजीचं कपाळ

शेखर माझा सख्खा मावसभाऊ. त्याच्याबद्दल वाईट बोलले तर मावशीला राग येईल, पण आता मावशीचाही मुलाहिजा ठेवावासा वाटत नाही. त्याने नाशकात तीन महिने ऑनलाइन जाहिरातींचा कसला तरी कोर्स केला आणि तेव्हापासून तो माणसांकडे बघताना एक डोळा बारीक करतो. समोरचं माणूस मोबाइलच्या चौकटीत कसं दिसेल, त्याचा अंदाज घेतो म्हणे. पूर्वी मला कौतुक वाटायचं. आता त्याचा तो डोळा आठवला तरी किळस येते. आणि किळस आली की ती त्याच्यावर थांबत नाही, माझ्यापर्यंत येते.

आम्ही सातपूरला दोन खोल्यांत राहतो. माझा नवरा हिरामण कंपनीत कंत्राटी कामगार. अशा कामगारांना अधूनमधून ‘ब्रेक’ देतात, म्हणजे घरी बसवतात. गेल्या वर्षीचा ब्रेक लांबतच गेला, तेव्हा मी गोधड्या विकायच्या ठरवल्या. सासूबाई सासऱ्यांबरोबर हरसूलला असतात. कुसाबाई त्यांचं नाव. जुन्या लुगड्यांचे थर अंथरून त्या कडेकडेने शिवत आत येतात, असे बारीक टाके घालतात की उलटी-सुलटी बाजू ओळखू येऊ नये. मी मोबाइलवर ‘कुसाआजीच्या गोधड्या’ नावाचं पान काढलं, खिडकीतल्या उजेडात फोटो काढले, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पाठवले. सगळ्यांनी अंगठा दाखवला. तीन महिन्यांत चार गोधड्या गेल्या. त्यातल्या दोन माझ्याच मैत्रिणींनी भिडेखातर घेतल्या.

“ताई, गोधडीत कोणाला इंटरेस्ट आहे?” शेखर म्हणाला. “आजींची काहीतरी दुःखी स्टोरी पाहिजे.”

“कसली स्टोरी? त्या सकाळ-संध्याकाळ बाबांशी भांडतात आणि उरलेल्या वेळात शिवतात.”

“मग बाबा नकोत,” तो म्हणाला. त्याने सहज म्हटलं आणि मीही हसले. तिथेच त्याच्या मुस्काटात द्यायला हवी होती.

हरसूलच्या घरी शूटिंगला गेलो, तेव्हा सासऱ्यांना, पुंजाबाबांना, आम्ही मागच्या अंगणात कोंबड्यांपाशी बसवलं. म्हातारा आनंदाने गेला, कारण तिथे तंबाखू खाता येते. शेखरने डोळा बारीक केला आणि माझ्या कानात सांगितलं, “कुंकू काढायला लाव.” मी सासूबाईंना म्हटलं, “आई, कुंकू कॅमेऱ्यात चमकतंय. जरा पुसते हं.” त्यांनी डोळे मिटून कपाळ पुढे केलं, लहान पोरं तोंड पुसून घेताना करतात तसं. मी पदर ओला करून पुसलं. माझं सगळं लक्ष उजेड जाईल की काय याकडे होतं. बांगड्या सुईला अडकतील म्हणून काढा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “चाळीस वर्सं शिवतेय, कधी अडकल्या नाय.” पण काढल्या. सुनेचा धंदा होता ना.

व्हिडिओत त्या मान खाली घालून शिवतायत आणि वरून माझा आवाज येतो: “आजोबांचं निधन झालं आणि आजी एकट्या पडल्या. आता सोबतीला फक्त सुई.” शेखरने तो आवाज तीनदा रेकॉर्ड करून घेतला. “ताई, थोडं रडू आण आवाजात,” म्हणाला. तिसऱ्यांदा मी आणलं.

व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. एका आठवड्यात एकशे चाळीस मागण्या आल्या. घरात शिवून पडलेल्या गोधड्या मी लगेच पाठवल्या आणि बाकीच्यांसाठी गल्लीतल्या सहा बायका कामाला लावल्या. एका बाईंनी लिहिलं, “गोधडी पांघरली आणि आजोबांची ऊब जाणवली.” आजोबा त्या वेळी भिंतीला टेकून पिंक टाकत असतील. लोक हात जोडलेली चित्रं पाठवत होते आणि मी प्रत्येकाला ‘आजींचे आशीर्वाद’ असं उत्तर देत होते. पहिल्या दिवशी ते टाइप करताना अंगावर शहारा आला. चौथ्या दिवशी मी ते वाक्य सेव्ह करून ठेवलं, म्हणजे परत टाइप करायला नको.

भीती एकाच गोष्टीची होती. सासूबाईंना कळता कामा नये. त्यांच्याकडे बटणांचा फोन, त्यांना कोण दाखवणार, असं मी स्वतःला समजवत होते. आणि त्या माझ्याबद्दल हरसूलभर सांगत सुटल्या होत्या, “माझ्या तृप्तीनं माझं नाव चालवलं.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी आणि शेखर त्याच्या गाडीवरून हरसूलला गेलो. तयार झालेल्या गोधड्या आणायच्या होत्या आणि शेखरला दुसरा व्हिडिओ हवा होता. आम्ही चहा घेत होतो, सासूबाई दारात शिवत होत्या, बाबा आत खाटेवर पडले होते. एवढ्यात अंगणात कोणीतरी हंबरडा फोडला.

ते भिकामामा होते, सासूबाईंचे धाकटे भाऊ. पेठकडच्या एका पाड्यावर राहतात आणि हंगामात द्राक्षबागेत मजुरीला जातात. तिथल्या कोणीतरी त्यांना मोबाइलवर माझा व्हिडिओ दाखवला होता. बहिणीचं रिकामं कपाळ बघून त्यांनी काम टाकलं आणि मिळेल त्या गाडीने निघाले. फोन करून खात्री करावी, असं त्यांच्या मनातही आलं नाही. माणूस गेलं का, हे आमच्याकडे फोनवर विचारत नाहीत. उठून त्या दारात जातात. आणि नवरा गेलेल्या बहिणीच्या दारात भाऊ रिकाम्या हाताने जात नाही. माहेरचं लुगडं न्यायचं असतं, दुखवट्याचं. त्यांच्या काखेत ते होतं, दुकानाच्या पिशवीत.

“बाई गं, मला कळवलं बी नाय!” म्हणत त्यांनी सासूबाईंच्या पायापाशी बसकण मारली. “मी काय मेलो व्हतो काय? दाजीला खांदा द्याया बी मी नसावं?”

सासूबाईंना काहीच उमजेना. त्या सुई धरून तशाच बसल्या. आणि माझ्या शेजारून शेखर उठला. त्याने मोबाइल वर केला, डोळा बारीक केला आणि मला म्हणाला, “ताई, सरक ना जरा. फ्रेममध्ये येतेस.”

मी त्याच्या हातातून मोबाइल ओढून घेतला आणि तांब्यातल्या पाण्यात बुडवला. तो ओरडला. मला अजून दोन-चार मोबाइल बुडवावेसे वाटत होते.

आवाज ऐकून पुंजाबाबा बाहेर आले. भिकामामांनी त्यांना बघितलं आणि रडायचे थांबले. “दाजी, तुमी...” एवढंच म्हणाले. मग त्यांना हात लावून बघितलं. मग पुन्हा रडायला लागले, आता वेगळं. सगळा उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. मामांनी व्हिडिओतलं एकेक वाक्य सांगितलं. ते त्यांना पाठ होतं. माझंच वाक्य, त्यातल्या रडवेल्या आवाजासकट.

शेखर पटकन म्हणाला, “आजी, ही सगळी माझी आयडिया. ताईला यातलं काही माहीत नव्हतं.” मला वाचवायला म्हणाला तो, तेवढं मान्य करायला हवं.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “तू पुसलंस ना कपाळ? तव्हा तुला ठावं व्हतं?”

नाही म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. ऐकायलाच बसल्या होत्या त्या. चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांना ‘नाही’च हवं आहे.

“माहीत होतं, आई,” मी म्हणाले.

त्यांनी सुई गोधडीत खोचली, उठल्या आणि आत गेल्या. भावाने आणलेल्या लुगड्याची पिशवी उंबऱ्याबाहेर पडून होती. ती आत घ्यायची की फेकायची, हे कोणालाच कळत नव्हतं.

बाबा खांबाला टेकून बसले. तंबाखू मळू लागले. मग मला म्हणाले, “मी मेल्यावर किती गेल्या गं गोधड्या?”

“एकशे चाळीस.”

“आन जिता व्हतो तव्हा?”

“चार.”

त्यांनी मान हलवली आणि तंबाखू तोंडात टाकली. मला वाटलं होतं ते हसतील, गंमत करतील, नेहमीसारखं. ते उठून मागच्या अंगणात कोंबड्यांपाशी गेले.

मी तिथेच ओट्यावर बसून तो व्हिडिओ काढून टाकला. पान माझ्या नावावर होतं. मग लिहिलं, “आजोबा जिवंत आहेत. खोटं मी बोलले. ज्यांना पैसे परत हवे असतील त्यांनी कळवावं.” शेखर म्हणत होता, ताई, निदान विचार करून टाक. विचार करून टाकला होता तो आधीचा व्हिडिओ.

अर्ध्या तासात शिव्या सुरू झाल्या. फसवी, नालायक, पोलिसात देऊ. त्या वाचताना मला बरं वाटत होतं. आतून सासूबाई बांगड्यांचा आवाज करत भांडी घासत होत्या आणि मला आत बोलावत नव्हत्या. आत जायचं माझं धाडस नव्हतं.

मग ऊब जाणवलेल्या त्या बाईंचा मेसेज आला. त्यांनी आणखी दोन गोधड्या मागितल्या होत्या. मी मनाची तयारी करून उघडला. लिहिलं होतं, “आजोबा आहेत हे वाचून आनंद झाला. मागणी रद्द करत नाही. फक्त आता ते हयात आहेत तर थोडे पैसे कमी कराल का?”

मी ते दोनदा वाचलं. त्या बाईचा राग यावा म्हणून वाट बघितली. आला नाही. पुंजाबाबांच्या मरणाचा दर मीच तर लावला होता, त्यांनी फक्त तो उतरवून मागितला होता.